मक्याची लेकरे

पावसाळ्याच्या दिवसांत निखाऱ्यावर भाजलेले, वर तिखटमीठ आणि लिंबू चोळलेले मक्याचे कणीस आपण सर्वांनीच चवीने खाल्ले असेल. ते खात असताना, हे धान्य आपल्या देशी कोठून आले, असा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात उद्भवतो. मका मूळचा आपला नव्हे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील दर्यावर्दी अमेरिका खंडात पोहोचले. त्यानंतर मका, मिरची, पेरू, पपई अशी तेथील अनेक पिके जहाजांतून जगभर गेली आणि पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडेही रुजली. आपल्याला मका हे अनेक पिकांपैकी एक पीक वाटते. परंतु मनुष्यदेहच मक्याच्या पिठाचा घडला आहे, असे मानणारे लोक ह्या पृथ्वीवर आहेत. त्यांना 'माया' म्हणतात. संस्कृतातील माया ह्या शब्दाशी ह्या नावाचा काही संबंध नाही. ते केवळ उच्चारसाम्य आहे. माया लोक मेक्सिको, बेलीझ, होंडुरास इत्यादी देशांत राहतात; परंतु त्यांची सर्वांत मोठी वस्ती आहे ती ग्वाटेमाला ह्या लहानशा देशात. त्या देशाची आज आपण ओळख करून घेऊ.

जगाचा नकाशा समोर ठेवा. उत्तर व दक्षिण अमेरिका ह्यांना जोडणारा भूमीचा एक चिंचोळा पट्टा तुम्हांला दिसेल. ह्या मध्य अमेरिकेच्या वायव्य टोकाशी ग्वाटेमाला आहे. त्याच्या उत्तरेस व पश्चिमेस मेक्सिको, ईशान्येस बेलीझ, पूर्वेकडे होंडुरास व एल साल्वादोर हे देश आहेत. दक्षिणेस पॅसिफिक महासागर पसरलेला असून पूर्वेस कॅरिबियन समुद्राचा थोडासा किनारा ह्या देशाच्या वाट्यास आला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०८,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून किंचित अधिक. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. ग्वाटेमाला सिटी हे राजधानीचे शहर होय.

देश लहान, परंतु निसर्गाने त्याला नाना रूपे दिली आहेत. उत्तरेस पेतेनचे घनदाट सखल अरण्य आहे. मध्यभागी थंड हवेचा डोंगराळ मुलूख आहे. दक्षिणेकडे उतरत गेले, की समुद्रकाठी उसाची हिरवी शेते लागतात. पर्वतांच्या रांगेत तीसहून अधिक ज्वालामुखी उभे आहेत. त्यांपैकी ताहुमुल्को हे शिखर ४,२०० मीटरांहून उंच असून सबंध मध्य अमेरिकेत त्याच्याहून उंच शिखर नाही. प्राचीन काळी एका प्रचंड स्फोटाने पडलेल्या विवरात पाणी साचून आतित्लान सरोवर निर्माण झाले. त्याच्या काठी तीन ज्वालामुखी पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. ज्वालामुखीच्या राखेने जमीन कसदार होते आणि उतारांवर उत्तम कॉफी पिकते. परंतु जी भूमी देते, तीच कधी हिरावूनही घेते. १७७३ साली भूकंपाने जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. आज आन्तिग्वा ह्या नावाने ती ओळखली जाते. १७७६ साली राजधानी नव्या जागी हलविण्यात आली. तिलाही ४ फेब्रुवारी १९७६ रोजी भूकंपाने हादरविले. त्या एका पहाटे देशात सुमारे तेवीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. ३ जून २०१८ रोजी फुएगो ज्वालामुखीच्या उद्रेकात पायथ्याची वस्ती तप्त राखेखाली गाडली गेली.

आता मक्याकडे वळू. माया लोकांतील किचे ह्या जमातीचा 'पोपोल वूह' नावाचा एक प्राचीन ग्रंथ आहे. त्यात मनुष्याच्या उत्पत्तीची कथा आहे. सृष्टी निर्माण केल्यावर देवांना असे जीव हवे होते, की जे आपले नाव उच्चारतील व आपले स्मरण ठेवतील. प्रथम त्यांनी पशुपक्षी घडविले. ते ओरडले, चिवचिवले. पण त्यांना बोलता येईना. मग देवांनी चिखलाची माणसे केली. ती पाण्यात विरघळून गेली. नंतर लाकडाची माणसे केली. ती बोलत, चालत. परंतु त्यांच्या ठायी ना हृदय होते, ना स्मरण. तेव्हा त्यांच्यावर महापूर आला. ज्या भांड्यांना त्यांनी चुलीवर करपविले होते, ज्या पाट्यांवर रात्रंदिवस घासले होते, ज्या कुत्र्यांना उपाशी ठेवले होते, ती सर्व त्यांच्यावर उलटली. शेवटी पिवळा आणि पांढरा मका दळून, त्या पिठाचे देवांनी चार पुरुष घडविले. ही माणसे बोलू लागली, आभार मानू लागली. त्यांची दृष्टी इतकी दूरवर पोहोचत होती, की देवांनाच भय वाटले. म्हणून त्यांनी त्या डोळ्यांवर धुके पसरले. तेव्हापासून मनुष्याला जवळचे तेवढे दिसते.

कथेचा अर्थ उघड आहे. ज्याला बोलता येते व ज्याला स्मरण आहे, तोच मनुष्य. हे सूत्र ध्यानात ठेवा; पुढे त्याची आपणांस आठवण होईल.

माया लोकांचे मक्यावरील प्रेम कथेपुरते नाही. आजही डोंगरातील खेड्यांत मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके एकाच शेतात घेतात. मक्याच्या ताटाचा आधार घेऊन घेवड्याचा वेल चढतो, घेवड्याच्या मुळांमुळे जमिनीचा कस राहतो आणि भोपळ्याची रुंद पाने ओल धरून ठेवतात. घरात मका दळण्यापूर्वी चुना घातलेल्या पाण्यात उकळून भिजत ठेवतात. मग तो धुऊन, दगडी पाट्यावर वाटून, त्याच्या लहान जाडसर भाकऱ्या हातांवर थापतात व मातीच्या तव्यावर भाजतात. आपल्या आजीला हा देखावा मुळीच परका वाटणार नाही. मका चुन्यात भिजविण्याची ही रीत हजारो वर्षांची आहे. तिच्यामुळे मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व शरीराला लागू पडते. युरोपीय लोकांनी मका आपल्या देशी नेला, पण ही रीत नेली नाही. त्यामुळे जेथे गरिबांना केवळ मक्यावर दिवस काढावे लागले, तेथे पेलाग्रा नावाच्या रोगाने हजारो लोक पीडले. धान्य घेतले, परंतु धान्यामागचे शहाणपण घेतले नाही, त्याचे हे फळ!

ह्याच मक्याच्या बळावर माया लोकांनी थोर नगरे उभारली. पेतेनच्या अरण्यातील टिकाल हे त्यांपैकी एक. इसवी सनाच्या तिसऱ्या ते नवव्या शतकांत हे नगर वैभवाच्या शिखरावर होते. येथील एक देवालय सुमारे ४७ मीटर उंच आहे. दुसरे तर ६० मीटरांहून उंच असून त्याच्या माथ्यावरून अरण्याचा हिरवा सागर क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. हे काम करणाऱ्यांपाशी लोखंडाची हत्यारे नव्हती, चाकाच्या गाड्या नव्हत्या, ओझी वाहणारी जनावरेही नव्हती. दगडाने दगड घडविला आणि माणसांच्या पाठीवरून वाहून नेला. नगराजवळ नदी नसल्यामुळे त्यांनी पावसाचे पाणी मोठमोठ्या तलावांत साठविले. त्यांपैकी एका तलावाचे पाणी विशिष्ट खनिजाच्या थरातून गाळून घेत असावेत, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसते. २०१८ साली विमानातून सोडलेल्या प्रकाशकिरणांच्या साहाय्याने उत्तर ग्वाटेमालाच्या अरण्याची पाहणी जाहीर झाली. तेव्हा झाडीखाली दडलेली साठ हजारांहून अधिक बांधकामे आढळली.

माया लोकांची बुद्धीही अशीच तीक्ष्ण होती. ते दहाच्या नव्हे, तर विसाच्या पटीत मोजत. एक दाखविण्यासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह. दोन रेघा आणि तीन ठिपके म्हणजे तेरा; शिंपल्याच्या वरच्या स्थानी एक ठिपका म्हणजे वीस. शून्याची कल्पना भारतात उदयास आली, ह्याचा आपणांस रास्त अभिमान आहे. महासागरापलीकडे माया लोकांनीही ती स्वतंत्रपणे शोधून काढली होती, हे कळल्याने तो अभिमान कमी होत नाही. उलट बुद्धीला देशाच्या सीमा नसतात, हे कळते. आजही ग्वाटेमालाच्या नोटांवर रकमेचा आकडा माया पद्धतीनेही छापलेला असतो. त्यांची कालगणनाही अशीच सूक्ष्म होती. ३६५ दिवसांच्या वर्षासोबत ते २६० दिवसांचे एक पवित्र चक्र पाळीत. ही दोन्ही चक्रे १८,९८० दिवसांनी, म्हणजे सुमारे बावन्न वर्षांनी, पुन्हा एकत्र येत. डोंगरातील मोमोस्तेनांगोसारख्या गावी ते २६० दिवसांचे चक्र अजून मोजले जाते. आपल्याकडे पंचांग पाहणारे जोशीबुवा असतात, तसे तेथे दिवसांचे गुण सांगणारे जाणकार स्त्रीपुरुष आहेत.

नवव्या शतकात पेतेनमधील नगरे ओस पडू लागली. टिकालमधील शेवटचा कालांकित शिलास्तंभ ८६९ सालचा आहे. दीर्घ अवर्षण, राजाराजांतील युद्धे आणि जमिनीवर पडलेला लोकसंख्येचा भार ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. ह्यावरून पुढे अनेकांनी लिहिले, की माया लोक नाहीसे झाले. परंतु नाहीशी झाली ती नगरे, माणसे नव्हेत. त्यांनी इतरत्र वस्ती केली, नवी राज्ये स्थापिली आणि आपली भाषा व आपला मका त्यांनी बरोबर नेला.

१५२४ साली पेद्रो दे आल्वारादो हा स्पॅनिश सेनानी ग्वाटेमालात उतरला. त्याच्या आधीच देवीच्या साथीने तेथील लोक जर्जर झाले होते. किचे आणि काक्चिकेल ह्या दोन जमातींतील वैराचाही त्याने लाभ उठविला. किचे लोकांची राजधानी त्याने जाळली. ज्या काक्चिकेलांनी त्याला साहाय्य केले, त्यांनाही जबर खंडणीपायी लवकरच बंड करावे लागले. घरभेद शत्रूला वाट दाखवितो, हा इतिहासाचा धडा त्यांना फार महाग पडला. तरीही पेतेनमधील इत्सा लोकांचे सरोवरातील राज्य १६९७ पर्यंत टिकून राहिले होते.

तलवारीपेक्षाही खोल घाव पडला तो स्मरणावर. माया लोक झाडाच्या सालीच्या कागदावर ग्रंथ लिहीत. १५६२ साली शेजारच्या युकातान प्रांतात दिएगो दे लांदा ह्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हे ग्रंथ सैतानाचे ठरवून त्यांची होळी केली. असे असंख्य ग्रंथ नष्ट होऊन आज साऱ्या जगात केवळ चार उरले आहेत. हळूहळू ती लिपी वाचणाराच कोणी राहिला नाही. परंतु किचे विद्वान हरले नाहीत. सोळाव्या शतकाच्या मध्यास काही अनामिक किचे पुरुषांनी विजेत्यांचीच रोमन लिपी शिकून घेतली आणि तिच्यात आपल्या भाषेतील 'पोपोल वूह' लिहून ठेवला. अठराव्या शतकाच्या आरंभी चिचिकास्तेनांगो येथील फ्रान्सिस्को हिमेनेझ नावाच्या धर्मोपदेशकाने त्याची प्रत व भाषांतर केले. मक्याच्या माणसांची कथा आज आपल्यापर्यंत पोहोचली, ती ह्या प्रतीमुळे. एका धर्मोपदेशकाने ग्रंथ जाळले, दुसऱ्याने ग्रंथ राखला! म्हणून कोणत्याही समाजाला सरसकट दोष देऊ नये.

टिकालच्या शिलास्तंभांवरील अक्षरे मात्र मूकच राहिली. त्यांचे रहस्य उलगडले, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. ज्या लांदाने ग्रंथ जाळले, त्यानेच एका माया मनुष्याला स्पॅनिश मुळाक्षरे उच्चारून दाखविली व त्यांची माया चिन्हे लिहून घेतली. ती यादी विद्वानांना दीर्घकाळ निरुपयोगी वाटे. १९५२ साली लेनिनग्राडमधील युरी क्नोरोझोव्ह ह्या तरुण संशोधकाने दाखवून दिले, की त्या यादीतील चिन्हे म्हणजे सुटी व्यंजने नसून स्वरासहित अक्षरे आहेत, अगदी आपल्या 'क', 'का', 'कु' ह्यांसारखी. पेतेनमधील रियो आसुल येथे १९८४ साली एक झाकणाचे सुंदर भांडे सापडले. त्यावर क-क-व अशी अक्षरे होती. अखेरचा 'अ' उच्चारावयाचा नाही, जसा आपण 'घर' शब्दातील उच्चारीत नाही. शब्द झाला 'ककव्', म्हणजे कोको. भांड्याची रासायनिक परीक्षा झाली, तेव्हा त्यात खरोखरच कोकोचे अंश मिळाले! १९६० साली तात्याना प्रोस्कुरियाकॉफ ह्या विदुषीने ग्वाटेमालातील पिएद्रास नेग्रास येथील स्तंभ अभ्यासून, त्यांवर राजांचे जन्म, राज्यारोहण इत्यादी प्रसंगांच्या तिथी कोरल्या आहेत हे सिद्ध केले.

परंतु अक्षरांचे उच्चार कळले, तरी शब्दांचा अर्थ कोण सांगणार? तो सांगितला माया लोकांच्या जिवंत भाषांनी. शिलालेखांच्या भाषेशी जवळचे नाते असलेली चोर्ती भाषा पूर्व ग्वाटेमालातील शेतकरी आजही बोलतात. ज्यांना जग अडाणी समजत होते, त्यांच्या घरातील बोलण्यातच राजांच्या शिलालेखांची किल्ली होती. लिपी मुकी झाली तरी बोली जगली. आणि बोली जगली म्हणूनच लिपीला पुन्हा वाचा फुटली.

बोली जगविण्याचे हे व्रत सोपे नव्हते. १५ सप्टेंबर १८२१ रोजी ग्वाटेमाला स्पेनपासून स्वतंत्र झाला. पण माया शेतकऱ्याच्या नशिबी कॉफीच्या मळ्यांतील सक्तीची मजुरीच आली. १९५२ साली पडीक जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा झाला. त्यामुळे अफाट जमिनीची मालकी असलेल्या युनायटेड फ्रूट ह्या अमेरिकन कंपनीच्या हितास बाध आला. आणि १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्या साहाय्याने निवडून आलेले सरकार उलथविण्यात आले. पुढे १९६० पासून १९९६ पर्यंत देशात यादवी युद्ध चालले. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. सत्यशोधन आयोगाने १९९९ साली आपला अहवाल दिला, तेव्हा ओळख पटलेल्या बळींपैकी शेकडा ८३ जण माया होते, असे दिसून आले. कित्येक गावे समूळ नष्ट करण्यात आली. ह्या दुःखाला वाचा फोडणाऱ्या रिगोबेर्ता मेंचू ह्या किचे स्त्रीला १९९२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी १९६७ साली मिगेल आंखेल आस्तुरियास ह्या ग्वाटेमालाच्या साहित्यिकास साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या लेखनातही माया कथांचा झरा वाहतो. २९ डिसेंबर १९९६ रोजी शांततेचा करार झाला आणि बंदुका थंडावल्या.

आज ग्वाटेमालात स्पॅनिशखेरीज बावीस माया भाषा बोलल्या जातात. किचे, केक्ची, काक्चिकेल आणि माम ह्या त्यांतील प्रमुख होत. २०१८ च्या शिरगणतीत शेकडा चाळिसांहून अधिक लोकांनी आपण माया असल्याचे सांगितले. ह्या भाषांच्या संवर्धनासाठी १९९० साली कायद्याने एक अकादमी स्थापन झाली, आणि २००३ साली ह्या भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. खेड्यातील स्त्रिया कमरेला बांधलेल्या मागावर रंगीत वस्त्रे विणतात. वस्त्रावरील नक्षी पाहून विणणारीचे गाव ओळखता येते. काही माया तरुण आपल्या पूर्वजांची लिपी पुन्हा शिकू लागले आहेत.

तथापि सर्व दुःखे संपली आहेत, असे समजू नका. २०१४-१५ च्या पाहणीत ह्या देशातील पाच वर्षांखालील जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ अपुऱ्या पोषणामुळे खुंटलेली आढळली. आणि माया मुलांत हे प्रमाण अधिक होते. ज्यांनी जगाला मका दिला, त्यांच्याच लेकरांची पोटे रिकामी राहावीत, ही केवढी खेदाची गोष्ट!

अखेरीस आणखी एका देवघेवीची गोष्ट सांगतो. आपल्या गोडधोडात पडणारा वेलदोडा मूळचा दक्षिण भारताचा. विसाव्या शतकाच्या आरंभी तो ग्वाटेमालात नेण्यात आला. तेथील धुकट डोंगरांत तो असा काही रुजला, की आज वेलदोडा पिकविण्यात ग्वाटेमाला जगात अग्रभागी आहे. केक्ची शेतकरी तो पिकवितात. त्यांच्या स्वयंपाकात मात्र त्याला फारसे स्थान नाही; बहुतेक सारा माल अरब देशांकडे जातो. त्यांचा मका आपल्या चुलीपाशी आला, आपला वेलदोडा त्यांच्या डोंगरात गेला. मधल्या महासागराने ह्या देवघेवीस आडकाठी केली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे मक्याचे कणीस हाती घ्याल, तेव्हा त्या दूरच्या डोंगरातील लोकांचे क्षणभर स्मरण करा. त्यांची नगरे अरण्याने गिळली, ग्रंथ अग्नीने गिळले, गावे युद्धाने गिळली; पण घराघरांत आई मुलाशी ज्या भाषेत बोलत होती, ती कोणालाही गिळता आली नाही. ज्याला बोलता येते व ज्याला स्मरण आहे तोच मनुष्य, असे त्यांच्या ग्रंथाने सांगितले आणि त्या लोकांनी ते आचरून दाखविले.

शब्दार्थ

दर्यावर्दी : समुद्रावर संचार करणारा, खलाशी.
उच्चारसाम्य : उच्चारातील सारखेपणा.
कालांकित : ज्यावर काळाची नोंद कोरली आहे असा.
अवर्षण : पाऊस न पडणे, दुष्काळ.
अनामिक : ज्याचे नाव ठाऊक नाही असा.
यादवी : एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध.
शिरगणती : माणसांची मोजदाद, जनगणना.

स्वाध्याय

१. लाकडाच्या माणसांत कोणती उणीव होती? त्यांच्यावर कोण कोण उलटले?
२. 'धान्य घेतले, परंतु धान्यामागचे शहाणपण घेतले नाही,' असे लेखक का म्हणतो?
३. माया संख्यापद्धतीने ७, १३, १९ व २० हे आकडे लिहून दाखवा.
४. माया लिपी व आपली देवनागरी लिपी ह्यांत कोणते साम्य आढळते? पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. 'बोली जगली म्हणूनच लिपीला पुन्हा वाचा फुटली,' ह्या वाक्याचा आशय आठ-दहा ओळींत लिहा.
६. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : वाचा फुटणे, लाभ उठविणे, मृत्युमुखी पडणे, ओस पडणे.
७. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या बोलण्यात येणारे, परंतु पुस्तकांत क्वचित आढळणारे दहा शब्द विचारून घ्या व त्यांचे अर्थ वहीत लिहून ठेवा.